गोव्यात सभापतीपद कोणालाच नको असतं, तरी सगळी सौदेबाजी तिथेच येऊन का अडते?

अंत्रुजकर (धागाकर्ता)

गोव्याच्या राजकारणावर इथे धागा निघाला की पहिल्या दहा प्रतिसादांत भाई (मनोहर पर्रीकर), खाशे (प्रतापसिंह राणे) आणि पात्रांव (रवी नाईक) येतात, मग मासे येतात, मग धागा बुडतो. या वेळी मुख्यमंत्री कोण, हा प्रश्न जरा बाजूला ठेवून त्या उंच खुर्चीकडे बघू या का, जिच्याकडे पर्वरीत सगळे पाठ करून बसतात?

निमित्त तसं जुनं झालंय. २१ ऑगस्ट २०२५ ला रमेश तवडकरांनी सभापतीपद सोडलं आणि त्याच दिवशी दिगंबर कामतांच्या सोबतीने मंत्री म्हणून शपथ घेतली. पुढच्या महिन्यात सावर्ड्याचे गणेश गावकर सभापती झाले. त्या दिवसांत आमच्या फोंड्याच्या बाजारात जी काही चर्चा ऐकली ती एवढीच: कोणाला कुठलं खातं. विधानसभेचा प्रमुख माणूस मधेच खुर्ची सोडून बारा मंत्र्यांतला एक होतो, आणि सगळे त्याचं अभिनंदन करतात. राजशिष्टाचारात सभापती मंत्र्याच्या वर. पण तो खाली आला असं कोणालाच वाटलं नाही.

माझं म्हणणं असं. चाळीसच्या सभागृहात सभापतीपद ही सगळ्यात महाग वस्तू आहे, आणि तरीही ती प्रत्येक वेळी उरलेल्याला दिली जाते. ज्याला मुख्यमंत्री करता आलं नाही, ज्याला खातं देता आलं नाही, ज्याला थोडे दिवस कुठेतरी बसवून ठेवायचं आहे, अशाला. २००७ आठवा. रवी नाईक की प्रतापसिंह राणे यावर काँग्रेसचं गाडं अडलं. दोघांच्या भांडणात दिगंबर कामत मुख्यमंत्री झाले, पात्रांवांना गृहखातं मिळालं आणि खाशे सभापती झाले. इतकी वर्षं मुख्यमंत्री राहिलेला माणूस पाच वर्षं "बसा, बसा, खाली बसा" म्हणत राहिला.

आता यातली गोम बघा. ज्याला दुसरी खुर्ची हवी आहे त्याच्या हातात आपण पक्षांतर केलेल्या आमदारांना अपात्र ठरवण्याच्या याचिका देतो. आणि त्याला हवी असलेली दुसरी खुर्ची देणारा माणूस कोण, तर ज्याच्या बहुमताचा निकाल त्याने लावायचा आहे तोच.

जाणकारांनी भर घालावी. पक्षीय शिव्यागाळ नको, त्यासाठी दुसरे धागे आहेत.

---

मांडवीपार

विषय चांगला. पण "उरलेल्याला" हे सरसकट नाही. २०१४ मध्ये भाई दिल्लीला निघाले तेव्हा मुख्यमंत्री म्हणून पार्सेकर, फ्रान्सिस डिसोझा आणि तेव्हाचे सभापती राजेंद्र आर्लेकर, अशी तीन नावं चालली होती. म्हणजे सभापती शर्यतीत होते. डिसोझांनी तर उपमुख्यमंत्री असून डावललं म्हणून उघड नाराजी दाखवली. आर्लेकर पुढच्या वर्षी मंत्री झाले, नंतर हिमाचल, बिहार, केरळ इथे राज्यपाल.

अंत्रुजकर

मांडवीपार, तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं झालं की! शर्यतीत होते, मिळालं नाही, मग खुर्ची सोडून मंत्रिमंडळात. खुर्चीत बसलेला प्रत्येकजण दाराकडे बघत असतो एवढंच मी म्हणतोय.

आणि प्रमोद सावंत विसरलात. १७ मार्च २०१९ ला पर्रीकर गेले, १९ तारखेच्या पहाटे दोनच्या सुमारास सभापतींनी मुख्यमंत्री म्हणून शपथ घेतली.

---

ठाणे_पूर्व

बाहेरच्याचा एक बाळबोध प्रश्न. आमच्याकडे २८८ आमदार, तरी २०२१ च्या फेब्रुवारीत नाना पटोलेंनी अध्यक्षपद सोडल्यावर जुलै २०२२ पर्यंत खुर्ची रिकामी राहिली. उपाध्यक्ष झिरवाळ गाडा हाकत होते. सत्तांतर झालं आणि तीनच दिवसांनी नार्वेकर निवडून आले. त्यावरून खुर्चीची किंमत आम्हालाही कळली. पण गोव्यात हे नेहमीचंच दिसतं. चाळीस ही संख्याच याच्या मुळाशी आहे का?

आकडेमोड

ठाणे_पूर्व, हो, बरंचसं संख्येतच आहे. मी जरा हिशेब मांडतो, कंटाळा आला तर पुढे जा.

१९८७ ला घटकराज्य झाल्यावर चाळीस जागा. एका मतदारसंघात सरासरी अठ्ठावीस-तीस हजार मतदार. मुंबईत एखाद्या नगरसेवकाच्या प्रभागातही यापेक्षा जास्त असतील. बहुमत २१. पण तुमचे बरोबर २१ असतील आणि त्यातला एक सभापती केलात तर सभागृहात उरले २०, समोर १९. सभापतीला पहिल्या फेरीत मत नसतं, बरोबरी झाली तरच निर्णायक मत. तुमच्यातला एक जण आजारी पडला तर १९-१९, आणि सरकार सभापतीच्या ओठांवर.

त्यात मंत्री किती करायचे यावर २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मर्यादा आणली. सभागृहाच्या पंधरा टक्के, पण कमीत कमी बारा. चाळीसचे पंधरा टक्के सहाच होतात, म्हणून गोव्याला किमान मर्यादेचा फायदा: मुख्यमंत्र्यासह बारा. बहुमत एकवीसचं आणि खुर्च्या बारा. उरलेले नऊ जण काय करणार? एक सभापती, एक उपसभापती, बाकीच्यांना महामंडळं. अंत्रुजकरांच्या "उरलेल्या"चं गणित हेच आहे.

पण मला जास्त गंमत वाटते ती फुटण्याच्या आकड्यांची. जरा बघा:

१९९०: काँग्रेसचे २०, फुटले ७. तेव्हाच्या कायद्यात फुटीला एक तृतीयांश लागत होते, वीसचा एक तृतीयांश पूर्णांकात सातच.
२०१९ मार्च: मगोचे (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे) ३, गेले २. दोन तृतीयांश.
२०१९ जुलै: काँग्रेसचे १५, गेले १०. दोन तृतीयांश, एकही जास्त नाही.
२०२२ सप्टेंबर: काँग्रेसचे ११, गेले ८. सातने दोन तृतीयांश भरत नाहीत, म्हणून आठ.

म्हणजे गट आधी तयार होतो आणि मग कायदा पाळतो असं नाही. कायद्यातला अपूर्णांक आधी, गट नंतर. २०२२ च्या जुलैतच काँग्रेसने मायकल लोबोंना विरोधी पक्षनेतेपदावरून काढलं, कामत आणि लोबोंवर फुटीच्या कटाचा आरोप केला, तरी प्रत्यक्ष विलीनीकरण सप्टेंबरच्या १४ तारखेला झालं. मधले दोन महिने आठवा माणूस शोधण्यात गेले असणार, हा माझा अंदाज.

कुडाळवाला

आठवो माणूस! आमच्याकडे पत्त्यात चवथो भिडू मिळत नाय तेव्हा शेजारच्या आजोबांक उठवतत.

आकडेमोड

कुडाळवाला 😀 फरक इतकाच की इथे आजोबांना महामंडळ मिळतं.

---

सासष्टीचा

हे सगळं ठीक आहे, पण तुम्ही खुर्चीला दोष देताय आणि पक्षांना सोडून देताय. २०१७ ला खुर्चीचा काय संबंध होता? निकाल ११ मार्चला. काँग्रेस १७, भाजप १३, मगो ३, गोवा फॉरवर्ड ३, अपक्ष ३, राष्ट्रवादी १. भाजपचे मुख्यमंत्री पार्सेकर स्वतः पडले. काँग्रेसला फक्त चार हवे होते. आणि आमचे लोक काय करत होते? विधिमंडळ गटाचा नेता कोण यावर खल. माजी मुख्यमंत्रीच एवढे की ओळीने बसवले तर सोफा पुरत नव्हता: राणे, कामत, फालेरो, नाईक. शेवटी यातला एकही नाही, चंद्रकांत कवळेकर. तोवर पर्रीकर २१ जणांची यादी घेऊन राज्यपाल मृदुला सिन्हांकडे पोचले होते. सर्वोच्च न्यायालयात गेलो तर न्यायालयाने विचारलं, तुमच्याकडे आकडा होता तर राज्यपालांकडे का नाही गेलात?

मडगावात त्या दिवशी मतमोजणी केंद्राबाहेर फटाके आम्ही वाजवले. १४ तारखेला शपथ त्यांची.

त्यात एक गोष्ट मला आजही बोचते. मगो आणि गोवा फॉरवर्ड दोघांनी अट घातली की मुख्यमंत्री पर्रीकरच हवेत, तरच पाठिंबा. म्हणजे सहा आमदारांचे दोन पक्ष ठरवतात की तेरा आमदारांच्या पक्षाचा नेता कोण. आणि त्यासाठी देशाचा संरक्षणमंत्री राजीनामा देऊन पणजीला येतो. सतरावाल्यांना मात्र स्वतःचा नेता ठरवता येत नाही.

मांडवीपार

सासष्टीचा, आणि ज्याला नेता केला तोच कवळेकर २०१९ च्या जुलैत दहा जणांचा गट घेऊन गेला आणि उपमुख्यमंत्री झाला. विरोधी पक्षनेता रात्रीत सत्तेत नंबर दोन.

सासष्टीचा

ते लिहिणार नव्हतो, तुम्ही लिहिलंत. धन्यवाद. 🙏

---

काणकोणची सून

इथले सगळे प्रतिसाद पणजी-मडगावच्या चष्म्यातून आहेत, म्हणून लिहिते.

अंत्रुजकर भाऊ, तवडकर "खाली आले" असं कोणालाच वाटलं नाही म्हणता. का वाटावं? आमच्या काणकोणात सभापती म्हणजे लोकांना काय? लग्नाला येणार, जत्रेला येणार, पुढच्या रांगेत बसणार. पण गावच्या रस्त्याचं डांबर, शाळेचं छप्पर, पोराची नोकरी यातलं काही त्याच्या सहीने होत नाही. मंत्र्याच्या सहीने होतं. आमदाराला मतदाराने विचारलं की "कितें हाडलें?" (काय आणलंस?) तर तो काय सांगणार, सभागृहात शांतता आणली?

आणि एक बाजू तुम्ही कोणी काढलीच नाही. गोविंद गावडे, रमेश तवडकर, गणेश गावकर हे तिघेही अनुसूचित जमातीतले. २०२५ च्या जूनमध्ये गावडेंना मंत्रिमंडळातून काढलं. ऑगस्टमध्ये तवडकरांना घेतलं. सप्टेंबरमध्ये गावकर सभापती. त्याच ऑगस्टमध्ये संसदेत गोव्यातल्या जमातींना विधानसभेत राखीव जागा देण्याचं विधेयक मंजूर झालं. आता हे सगळं एकाच हंगामात झालं याला तुम्ही योगायोग म्हणा, मी समतोल साधणं म्हणते. तो वाईट आहे असं मी म्हणत नाही हं. इतकी वर्षं जे सत्तेच्या वाटपात कोपऱ्यात होते, त्यांच्या नावाशिवाय आता वाटप पुरं होत नाही, हा बदलच आहे. पण मग हे मान्य करा की सभापतीपद हे फक्त "उरलेल्याला" नाही, कधी कधी ते एखाद्या समाजाला दिलेलं आश्वासन असतं.

तिसरं. सभापती म्हणून तवडकर गप्प नव्हते. २०२४ च्या जानेवारीत त्यांनी कला-संस्कृती खात्याच्या अनुदान वाटपावर जाहीर आरोप केले. खातं गावडेंचं. गावडेंनी नाकारले. पण आपल्याच सरकारातल्या मंत्र्यावर सभापती बोलतो हे किती वेळा पाहिलंय?

अंत्रुजकर

ताई, समाजाचा मुद्दा पटला, आणि तो माझ्या मांडणीत नव्हता. अनुदानाच्या आरोपांबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. ते त्यांच्याच मतदारसंघातल्या संस्थांबद्दल होते. ते आमदार म्हणून बोलले, सभापती म्हणून नाही. खुर्चीवरून त्यांनी जो निर्णय दिला तो बघा: आठ फुटिरांविरुद्धची याचिका. सप्टेंबर २०२२ ची घटना, नोव्हेंबर २०२४ मध्ये याचिका फेटाळली. आणि त्या आठांतले एक दिगंबर कामत. त्यांच्याच शेजारी उभं राहून २०२५ ला शपथ. मी कोणाच्या हेतूबद्दल बोलत नाही. रचनाच अशी आहे की कुठलाही हेतू त्यात बसतो.

काणकोणची सून

हं. ते शेजारी उभं राहणं माझ्या लक्षात आलं नव्हतं.

---

जुना बातमीदार

निवृत्त माणूस आहे, वेळ आहे, म्हणून लांबलचक लिहितो. पानं चाळून नाही, पण तो काळ डोक्यात पक्का बसलाय, कारण रात्री दोनदोनदा पहिलं पान बदलावं लागे.

तुम्ही सगळे २०१७-२०२२ बद्दल बोलताय. ही पोरं त्या मानाने शिस्तीत फुटतात. सभापतीपदाचा खरा खेळ बघायचा तर १९९० ते ९४.

८९ च्या नोव्हेंबरात निवडणूक. काँग्रेस २०, मगो १८, अपक्ष २. प्रतापसिंह राणे मुख्यमंत्री, डॉ. लुईस प्रोतो बार्बोझा सभापती. मार्च ९० मध्ये सात जण काँग्रेसमधून बाहेर पडले. आकडेमोड यांनी सात का ते सांगितलंच. पण त्यांनी एक गोष्ट सांगितली नाही: त्या सातांतला एक स्वतः सभापती होता. न्यायाधीशच पक्षकार. मगोशी हातमिळवणी करून सरकार बनलं. आधी चर्चिल आलेमाव मुख्यमंत्री, २७ मार्च ते १४ एप्रिल, अठरा दिवस. मग त्याच बार्बोझांनी मुख्यमंत्रीपदाची शपथ घेतली. डिसेंबरात नव्या सभापतींनी, मगोचे सुरेंद्र सिरसाट, बार्बोझांना पक्षांतराबद्दल अपात्र ठरवलं. सरकार गेलं.

पुढे रवी नाईक मगोतून गट घेऊन बाहेर पडले आणि काँग्रेसच्या साथीने जानेवारी ९१ मध्ये मुख्यमंत्री झाले. फेब्रुवारीत सिरसाटांनी त्यांनाही अपात्र ठरवलं. म्हणजे सभापती एका पक्षाचा आणि मुख्यमंत्री त्याच पक्षातून फुटलेला. मग काय केलं सत्ताधाऱ्यांनी? मार्चमध्ये सभापतीलाच हटवलं. उपसभापती कार्यकारी सभापती झाले आणि त्यांनी आधीचा आदेश फिरवला. अपात्र माणूस पुन्हा पात्र.

तिथून खटले. सर्वोच्च न्यायालयाने ९३ मध्ये सांगितलं की सभापतीला आपल्या आदेशाचं पुनर्विलोकन करता येत नाही, फिरवलेला आदेश टिकणार नाही. मेमध्ये उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेला, नाईक पायउतार झाले, डॉ. विल्फ्रेड डिसोझा आले. ९४ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने नाईकांची अपात्रता रद्द केली. आणि २ एप्रिलला राज्यपाल भानुप्रकाश सिंह यांनी दोतोर विलींना काढून नाईकांना शपथ दिली! सहा दिवसांत राज्यपालच गेले, विली परत.

मार्च ९० ते डिसेंबर ९४ मोजा: आलेमाव, बार्बोझा, नाईक, विली, नाईक, विली, राणे. सात शपथविधी. राजभवनावर चहा करणाऱ्यालाही पाठ झालं असेल कोणाला साखर किती.

पण माझा मुद्दा वेगळाच आहे, आणि अंत्रुजकर, तो तुमच्या विरोधात जातो. तुम्ही म्हणता खुर्ची सगळ्यात महाग. ९० ला होती. तेव्हा खुर्ची सरकार पाडत होती, बनवत होती. २००५ लाही होती. त्या फेब्रुवारीच्या २ तारखेला पर्रीकरांच्या विश्वासदर्शक ठरावाच्या वेळी एका अपक्ष आमदाराला सभागृहाबाहेर काढलं. राज्यपाल जमीर यांनी पर्रीकरांना बडतर्फ केलं, राण्यांना शपथ. २८ तारखेला राण्यांचा ठराव, हंगामी सभापती फ्रान्सिस सार्दिन. त्यांनी दुसऱ्या बाजूच्या एका आमदाराला मतदान करू दिलं नाही. बरोबरी झाली, निर्णायक मत त्यांचं, राणे जिंकले. ४ मार्चला राष्ट्रपती राजवट. एका महिन्यात दोन सभापती, दोन्ही बाजूंचा एकेक आमदार वगळला. फिट्टंफाट.

त्यानंतर मात्र खुर्चीचं काम बदललं. आता कोणी काठावर उभं राहून सभापतीच्या मताची वाट बघत नाही. घाऊक येतात, दोन तृतीयांश घेऊन येतात, बहुमत आधीच गलेलठ्ठ असतं. सभापतीकडून आता फक्त एकच गोष्ट लागते, ती म्हणजे उशीर. २०१९ च्या जुलैत दहा जण गेले. तेव्हाचे सभापती राजेश पाटणेकरांनी निकाल दिला २० एप्रिल २०२१ ला. उच्च न्यायालयाने तो उचलून धरला २४ फेब्रुवारी २०२२ ला. आणि मतदान कधी झालं होतं? १४ फेब्रुवारीला. त्या दहांपैकी ज्यांना लढायचं होतं ते लढूनही झाले होते.

आकडेमोड

जुना बातमीदार, दंडवत. वाचनखूण साठवली.

ठाणे_पूर्व

सहमत. आमच्याकडेही तेच. जून २०२२ ची फूट, अध्यक्षांचा निकाल जानेवारी २०२४ मध्ये, तोही सर्वोच्च न्यायालयाने मुदती घातल्यावर. त्याच वर्षी निवडणूक.

खटलेवाचक

बातमीदार काकांचा तपशील बरोबर आहे. कायद्याच्या बाजूने थोडी भर.

सभापती हा घटनेच्या दहाव्या परिशिष्टाखाली, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याखाली, निवाडा करतो तेव्हा तो न्यायाधिकरण असतो आणि त्याचा निर्णय न्यायालयात तपासता येतो, हे १९९२ च्या किहोटो होलोहान खटल्यात ठरलं. पण तपासायचं कधी, तर निर्णय झाल्यावर. निर्णयच झाला नाही तर? २०२० मध्ये मणिपूरच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की विशेष कारण नसेल तर तीन महिन्यांत निकाल द्यावा, आणि संसदेने हे काम सभापतींकडून काढून कायमच्या स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे देण्याचा विचार करावा. आपल्याकडे किती महिने लागले ते वर आलंच आहे.

गोवेकरांना ठाऊक नसतं, पण पक्षांतराच्या कायद्याची अर्धी शाळा गोव्यातच भरली. पक्षाचा राजीनामा लेखी दिला नाही तरी वागण्यावरून "स्वेच्छेने पक्ष सोडला" असं ठरवता येतं, हे तत्त्व १९९४ च्या रवी नाईक खटल्यातलं आहे. आजही देशभर वकील तोच निकाल पहिल्यांदा काढतात. त्या निकालात नाईक वाचले, पण मगोचे दोन आमदार अपात्रच राहिले, कारण राज्यपालांकडे ते विरोधी नेत्याबरोबर गेले होते.

कुडाळवाला

म्हणजे कोणाच्या गाडीत बसलात ते पण बघतत! 😀

खटलेवाचक

कुडाळवाला, अगदी तसंच. ह.घ्या. (हलके घ्या) नाही.

---

पेडण्याचा पाहुणा

एक अडाणी शंका. सभापतीला काढायला किती मतं लागतात? बातमीदार काकांनी लिहिलं ९१ ला काढलं. मग नको असलेला सभापती प्रत्येक सरकार काढूच शकतं की.

खटलेवाचक

चौदा दिवसांची नोटीस आणि सभागृहाच्या तेव्हाच्या एकूण सदस्यांचं बहुमत. उपस्थितांचं नव्हे, एकूण. चाळीस भरलेले असतील तर २१. म्हणजे ज्याच्याकडे सरकार आहे त्याच्याकडे सभापती काढायची ताकद असतेच. म्हणूनच सरकार बदललं की सभापती आधी बदलतो, विश्वासदर्शक ठराव नंतर.

अंत्रुजकर

बातमीदार काका, "उशीर" हे मान्य. माझी मांडणी दुरुस्त करतो: खुर्ची आता सरकार बनवत नाही, पण बनलेलं टिकवते. तरी महाग आहेच. आमच्याकडे दुकानात उधारीची वही ज्याच्या हातात असते त्याच्याशी कोणी वाकडं घेत नाही, मालक कोणी का असेना. सभापतीकडे फुटिरांची वही आहे. तो ती उघडत नाही, एवढ्यावरच आठ-दहा जण आयुष्यभर सभ्य वागतात. म्हणूनच मला वाटतं पक्षांतर्गत वाटाघाटीत खरा प्रश्न "कोणाला सभापती करायचं" हा नसतो. "कोण ती वही उघडणार नाही" हा असतो.

सासष्टीचा

हे मान्य. आणि त्यामुळेच शपथा घेऊन काही होत नाही. २०२२ च्या जानेवारीत काँग्रेसने उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीला, बांबोळीच्या खुरसाला आणि बेतीच्या दर्ग्याला नेऊन पक्ष सोडणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. तीन धर्म, तीन जागा. सप्टेंबरात आठ जण गेले. देवाला साक्ष ठेवलं, पण देवाला दहाव्या परिशिष्टात अधिकार नाहीत.

काणकोणची सून

सासष्टीचा, देवाचं नाव काढू नका. देवळात जाऊन देवाला विचारलं, देवाने परवानगी दिली, असं नंतर खुद्द कामतांनीच सांगितलं होतं. म्हणजे अधिकार आहेत की नाही ते तुम्हीच ठरवा!

---

मांडवीपार

२०२२ चा एक भाग राहिलाच. निकाल १० मार्चला, भाजप २०. मगो आणि अपक्षांचा पाठिंबा एक-दोन दिवसांत. तरी नेता जाहीर व्हायला २१ मार्च उजाडला, शपथ २८ ला. सावंत की विश्वजित राणे यावर अकरा दिवस. शेवटी भाजपचे नरेंद्रसिंह तोमर निरीक्षक म्हणून आले आणि सावंतांचं नाव विश्वजितांनीच सुचवलं. त्या अकरा दिवसांत सभापतीपदाचा कोणी उच्चार केला का? मला तर आठवत नाही. २९ मार्चला तवडकरांचं नाव आलं तेव्हा कळलं, अरे हो, हेही एक पद आहे.

जुना बातमीदार

मांडवीपार, गटबाजी ही गोव्यात भाऊंच्या (भाऊसाहेब बांदोडकरांच्या) काळापासून आहे, १९७० ला मगोतच बंड झालं होतं. फरक इतका की तेव्हा भांडण पक्षाच्या आत कोण मोठा यावर होतं आणि भांडणारे लोकांसमोर भांडत. आता भांडण मिटल्यावर आपल्याला कळतं की होतं. विश्वजितांनी नाव सुचवलं हा फोटो सगळ्यांनी छापला. त्याआधीच्या अकरा दिवसांचा फोटो कोणाकडे नाही.

पेडण्याचा पाहुणा

आणखी एक विचारतो, मग गप्प बसतो. २०२७ ला पुन्हा निवडणूक. समजा पुन्हा २०-२० सारखं काही झालं. सभापती निवडला जाईपर्यंत खुर्चीत कोण? सगळ्यात ज्येष्ठ आमदार ना?

खटलेवाचक

हंगामी सभापती राज्यपाल नेमतात, अनुच्छेद १८०. ज्येष्ठ आमदाराला नेमायचं हा संकेत आहे, नियम नाही. २०१७ ला सभागृहात सगळ्यात ज्येष्ठ प्रतापसिंह राणे होते, १९७२ पासूनचे आमदार. नेमणूक झाली भाजपच्या सिद्धार्थ कुंकळ्येकरांची. सर्वोच्च न्यायालयाने १६ मार्चला जे शक्तिपरीक्षण घ्यायला लावलं ते त्यांच्याच अध्यक्षतेखाली झालं, २२ विरुद्ध १६. विश्वजित राणे तेव्हा काँग्रेसचे, मतदानाआधी बाहेर पडले आणि आमदारकी सोडली.

पेडण्याचा पाहुणा

आणि २०२२ ला?

खटलेवाचक

गणेश गावकर.

आकडेमोड

तेच जे आता पूर्णवेळ सभापती आहेत. म्हणजे ठाणे_पूर्व यांना माझं उत्तर अर्धवट होतं. उरलेल्यांत उपसभापती धरला, हंगामी सभापती धरलाच नाही.

अंत्रुजकर

धरा. आणि उपसभापतीचंही नीट लिहा. २०१९ च्या जुलैत मायकल लोबो उपसभापतीपद सोडून मंत्री झाले, आणि त्यांच्या जागी आले इजिदोर फर्नांडिस, त्याच महिन्यात काँग्रेसमधून आलेल्या दहांपैकी एक.